वीर्याचा एक थेंब आणि रक्ताचे चाळीस थेंब

शाळा-कॉलेजात वयात येण्याबद्दल बोलताना प्रश्नपेटी ठेवली, की मुलांच्या चिठ्ठ्यांमधून एकच भीती पुन्हा पुन्हा बाहेर येते. रात्री झोपेत वीर्य जातं, अंग भरत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, पुढे लग्न करता येईल ना? चिठ्ठीवर नाव नसतं. ही भीती कशावरून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: वीर्याचा एक थेंब बनायला रक्ताचे चाळीस थेंब लागतात. कुणी शंभरही सांगतो. सांगणारा तालमीतला एखादा दादा असतो, नाहीतर मोबाइलवरचा व्हिडिओ.

हे साफ चूक आहे. रक्तातल्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, शुक्रजंतू वृषणांत. वीर्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो. त्यात मुख्यतः पाणी असतं, थोडी साखर, थोडी प्रथिनं.

तरी पटत नसेल तर हिशेब करू. एका वेळी साधारण 2 ते 5 मिलिलिटर वीर्य बाहेर पडतं. 4 धरलं तर चाळीस पटीने 160 मिलिलिटर रक्त. तीन वेळांचं 480. रक्तदानात सहसा एका वेळी 350 मिलिलिटर रक्त घेतात आणि त्यानंतर पुरुषाला तीन महिने पुन्हा रक्त देऊ देत नाहीत. चाळिसाचा आकडा खरा असता, तर वयात आलेला प्रत्येक मुलगा काही आठवड्यांत रक्तक्षयाने आडवा झाला असता.

वृषणं रोज कोट्यवधी शुक्रजंतू बनवतात आणि बाहेर न पडलेले शरीर स्वतःच मोडून शोषून घेतं. वीर्य साठवल्याने ताकद वाढत नाही, गेल्याने घटत नाही. झोपेत वीर्य जाणं हे वयात आल्याचं लक्षण आहे. हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही, नजर अधू होत नाही, लिंग वाकडं होत नाही.

ही समजूत जुनी आहे. आयुर्वेदाने सात धातूंत शुक्र शेवटी ठेवलं आणि लोकांनी त्यावरून थेंबांचं गणित मांडलं. युरोपही मागे नव्हता: तिसो या स्विस डॉक्टरने 1760 मध्ये हस्तमैथुनाच्या कथित दुष्परिणामांवर पुस्तक लिहिलं, त्यातही आकडा चाळीसच. 1960 मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या भीतीतून होणाऱ्या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. मुलाचा थकवा, धडधड, झोप उडणं खरं असतं. पण ते वीर्य गेल्यामुळे होत नाही, धास्तीमुळे होतं.

संताप येतो तो या धास्तीवर दुकान चालवणाऱ्यांचा. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंतींवर ‘गुप्तरोग’ची पोस्टरं आहेतच, आणि पोरं खाऊचे पैसे साठवून तिथे जातात.

आणखी काही गैरसमज:

अंगावरून पांढरं जाणं म्हणजे हाडं झिजणं: नाही. खाज, दुर्गंधी किंवा रंगात बदल असेल तरच डॉक्टरांना दाखवावं.

पाळी सुरू झाली की ती दर महिन्याला यायलाच हवी: पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होते.

पहिल्याच संबंधातून दिवस राहत नाहीत: राहू शकतात.

पहिल्या संबंधात रक्त आलंच पाहिजे: अनेकींना येत नाही. कौमार्य तपासणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

लैंगिक शिक्षणाने मुलं बिघडतात: जगभरचे अभ्यास तपासून युनेस्कोने 2018 मध्ये सांगितलं, की अशा शिक्षणाने मुलांचे लैंगिक संबंध वाढत नाहीत.

खऱ्या काळजीची गोष्ट कुणीच मुलांना सांगत नाही. वृषणात अचानक असह्य कळ आली, तर वृषणाला रक्त पोहोचवणारी दोरी पिळली गेल्याची शक्यता असते. हे किशोरवयातच जास्त होतं. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर वृषण गमवावं लागू शकतं. लाजेने रात्रभर दुखणं दाबून ठेवणाऱ्या मुलाचं नुकसान कायमचं होऊ शकतं.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून 10 ते 19 वयोगटासाठी चालू आहे आणि महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत त्याची ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. तिथे तपासणी आणि सल्ला मोफत मिळतो. बाबांनी, काकांनी, मोठ्या भावाने मुलाला एवढं सांगावं: जे होतंय ते नॉर्मल आहे, आणि दुखलं तर रात्री दोन वाजताही मला उठव.