रिकामीच बसलेय!

लेक स्पॅनिश शिकली आणि पुण्यात भाषांतराच्या कामाला लागली. रविवारी तिचा फोन येतो. "काय करतेस गं आई?" "काही नाही, रिकामीच बसलेय." परवा हे ठरलेलं उत्तर दिलं तर पलीकडून हसूच ऐकू आलं. "अगं, कालपासून मी ह्याच शब्दाशी झटतेय!"

शब्द होता इंग्रजीतला 'एम्प्टी'. आपण शाळेत पाठ केलेला. स्पॅनिशमध्ये त्याला 'वासीओ' आहे. पेला 'वासीओ', बाटली 'वासीआ'. म्हणजे आपल्यासारखंच, पेला रिकामा आणि बाटली रिकामी. इथवर सोपं. पण रिकामी टॅक्सी दिसली की तिथे 'लिब्रे' म्हणायचं, मोकळी. कोरा कागद 'एन ब्लांको', आतून पोकळ झाड 'उएको'. न भरलेली नोकरीची जागा 'वाकान्ते'. रक्त तपासायला जाताना काही खाऊ नका, हे सांगायला 'एन आयुनास'. 'आयुनो' म्हणजे उपास. मी म्हटलं, हे तर आपलं अनशापोटी!

मैत्रिणींनो, मराठी काय कमी आहे का? डबा रिकामा, रस्ता मोकळा, वही कोरी, घागर रिती, गाव ओस. बाळंतीण 'मोकळी' होते, रिकामी नाही. बांगडी फुटली तरी आपण 'वाढवली' म्हणतो. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामेपण आपल्याला जिभेवरसुद्धा नको असतं. फक्त दिवसभर घरात राबणारी बाई तेवढी खुशाल 'रिकामी'! आणि गंमत म्हणजे हे आपण स्वतःच म्हणतो.

लेकीनं आणखी एक सांगितलं. 'एम्प्टी' हा शब्द मुळात भांड्यापुरता नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो फुरसत असलेल्या माणसाला लावत; लग्न न झालेल्या बाईलासुद्धा! म्हणजे रिकामटेकडीचा शिक्का साहेबाच्या देशातही जुनाच म्हणायचा.

मग ती जरा थांबली. म्हणाली, "मुलं शिकायला, नोकरीला लांब गेली की आईबापांचं जे होतं ना, त्याला इंग्रजीत रिकामं घरटं म्हणतात. स्पॅनिशमध्येही तेच, 'निदो वासीओ'. आपल्याकडे काय गं म्हणतात?"

तिची खोली मी अजून रोज झाडते. चादर बदलते. ते काही तिला सांगितलं नाही.

"आधी फोन ठेव," म्हटलं, "मेथी निवडून व्हायचीय. आणि शेजारच्या काकूंचा डबा परत द्यायचाय, त्यात काय घालू ते बघते."