यंत्राची लेखणी आणि स्वामित्वहक्काचा कायदा

आज्ञा होताच क्षणार्धात कविता, चित्र, अग्रलेख किंवा वकिली नोटिशीचा मसुदा सिद्ध करून देणारी यंत्रे घरोघर पोचल्यापासून आपल्या सुशिक्षित वर्गात एक मत फार झपाट्याने रूढ झाले आहे, ते असे की, हे सारे इतके अपूर्व आहे की त्याविषयी कायदा मुका आहे, आणि जेथे कायदा मुका तेथे ज्याच्या हाती लागेल त्याचे. वस्तुतः आपला स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ चा, म्हणजे संगणक ही आपल्याकडे अपूर्वाईची वस्तू होती त्या काळचा असला, तरी त्यात वेळोवेळी, विशेषतः १९९४ आणि २०१२ साली, ज्या दुरुस्त्या झाल्या त्या ध्यानी घेता आज विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात. तो खरोखर मुका आहे तो एकदोन ठिकाणीच, आणि ती ठिकाणे कोणती हे ओळखल्यावाचून कायद्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

नोंदणी केल्यावाचून हक्क मिळत नाही, हा समज यंत्राच्या आधीपासूनचा आहे आणि त्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. कृती निर्माण झाली की हक्कही उत्पन्न होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि सरकारी दप्तरातील नोंद कोर्टात सकृद्दर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते, इतकेच तिचे माहात्म्य.

याहून उपद्रवी समज असा की, जे इंटरनेटवर विनासायास वाचावयास मिळते ते बेवारस असते, आणि खाली लेखकाचे नाव घातले की आपले कर्तव्य संपले. वाड्याचा दरवाजा सताड उघडा आहे म्हणून ओसरीवरची भांडी कोणी उचलून नेत नाही. नामनिर्देश हा लेखकाचा एक हक्क खरा, आणि कलम ५७ मध्ये त्याची स्वतंत्र तरतूदही आहे. परंतु परवानगी ही बाब निराळी, आणि एकीने दुसरीची भरपाई होत नाही. एखादी मराठी कादंबरी यंत्राकडून तासाभरात हिंदीत उतरवून घेऊन विक्रीस ठेवणारा गृहस्थ ‘मी अक्षरही नक्कल केलेले नाही’ असे म्हणू लागला, तर त्याला कलम १४ दाखवावे; भाषांतर करण्याचा अधिकार तेथे मूळ हक्कदाराकडेच ठेवलेला आहे, मग भाषांतरकार पदवीधर असो वा यंत्र.

लेखक दिवंगत झाला की ग्रंथ सर्वांचा झाला, ही समजूतही अशीच. आपल्याकडे मुदत लेखकाच्या हयातीची आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून पुढील ६० वर्षांची आहे. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ साली निधन पावलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा सरकारने ती दहा वर्षांनी वाढविली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०११ च्या प्रारंभापासून मुक्त आहेत, आणि यंत्राच्या आवाजात त्यांचे श्राव्य पुस्तक करण्यास कोणाची आडकाठी नाही. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या कादंबऱ्यांचा असाच उपयोग करू इच्छिणाऱ्यास २०३६ च्या अखेरीपर्यंत हक्कदारांच्या दारी गेल्यावाचून गत्यंतर नाही.

आता यंत्राने रचलेल्या कृतीचा कर्ता कोण, या प्रश्नाकडे वळू. कारण येथे दोन परस्परविरोधी समज एकाच वेळी नांदताना दिसतात. कोणी म्हणतो, कर्ता यंत्रच; कोणी म्हणतो, अशा कृतीला कर्ताच नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलम २ च्या व्याख्यांत असे घातले गेले की, साहित्य, नाट्य, संगीत अथवा कला यांतील एखादी कृती संगणकाने निर्माण केलेली असेल, तर ती निर्माण करविणारी व्यक्ती हीच तिची कर्ती समजावी. पुढे २०२० साली आपल्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ‘सूर्यास्त’ नावाच्या एका चित्राच्या नोंदीत ‘राघव’ या संगणकप्रणालीला मनुष्याच्या जोडीने सहकर्ता म्हणून स्थान दिले, तेव्हा भारताने यंत्राला ग्रंथकर्त्याच्या आसनावर बसविले असा गाजावाजा झाला. परंतु त्याच कार्यालयाने पुढल्याच वर्षी ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली आणि प्रणालीचे कायदेशीर स्थान काय, असा खुलासा विचारला, ही गोष्ट गाजावाजा करणारांच्या कानांवर गेलेली दिसत नाही.

मात्र ‘निर्माण करविणारी व्यक्ती’ म्हणजे नक्की कोण? ‘पावसावर एक कविता कर’ असे चार शब्द टंकित करणारा, की ते यंत्र घडविणारी कंपनी? १९९४ साली संगणक हा कारकुनासारखा सांगितले तेवढेच करणारा होता, म्हणून हा प्रश्न तेव्हा सुचला नसावा. माझ्या मते याचे उत्तर शोधताना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी’च्या खटल्यात दिलेला निकाल वाटाड्याचे काम करील. न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या या कंपनीचा मजकूर दुसऱ्यांनी संगणकीय तबकड्यांत घातला, त्यावरून तो खटला उद्भवला होता. मूळ निकालपत्रे सर्वांची, त्यांत किरकोळ शुद्धलेखन सुधारण्याने हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण सलग निकालपत्राचे परिच्छेद कोठे पाडावे, त्यांना अंक कसे द्यावे, कोणत्या न्यायमूर्तींनी सहमती दर्शविली आणि कोणी भिन्न मत दिले हे कसे नमूद करावे, या कामास कायद्याचे ज्ञान आणि विवेक लागतो, म्हणून तेवढ्यापुरते संरक्षण त्याने मान्य केले. नुसते श्रम पुरेसे नाहीत, तसेच अलौकिक प्रतिभाही आवश्यक नाही. निवडीत आणि मांडणीत थोडी तरी निर्मितिबुद्धी दिसली पाहिजे. ही कसोटी लावली, तर चार शब्दांच्या हुकुमावर हक्क सांगणाऱ्याचा दावा फारसा टिकणार नाही. उलट यंत्राचे वीस मसुदे नाकारून, जोडून, खोडून, त्यांतून आपले काही उभे करणाऱ्याची बाजू पुष्कळच बळकट ठरेल.

शैलीच्या बाबतीत लोकमत याच्या अगदी उलट टोकाला गेलेले आहे. एखाद्या चित्रकाराच्या धर्तीवर यंत्राने चित्र काढले की ‘ही सरळ चोरी’ असा आरडाओरडा होतो. मनाला ते खुपते, हे मान्य. परंतु शैलीवर, कल्पनेवर किंवा विषयावर कायदा कोणालाही मक्तेदारी देत नाही, आणि देत नाही हेच इष्ट आहे. आर. जी. आनंद यांनी आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ चा चित्रपट उचलला गेला अशी फिर्याद केली होती. दोहोंत प्रांतीय दुरभिमान आणि भिन्न प्रांतांतील तरुण-तरुणींचे प्रेम होते. तरीही १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, कारण विषय एक असला तरी आविष्कार भिन्न होता, आणि दोन्ही पाहिलेल्या प्रेक्षकाच्या मनावर चित्रपट ही नाटकाचीच नक्कल असल्याचा निःसंदिग्ध ठसा उमटत नव्हता.

आवाजाची गोष्ट मात्र निराळी. आवाज हा स्वामित्वहक्काचा विषय नव्हे, म्हणून तो कोणीही उचलावा, असे अनुमान काढणारांना मुंबई उच्च न्यायालयाने चांगलेच जागेवर आणले आहे. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यांत, गायकाच्या संमतीवाचून त्याच्या आवाजाची यांत्रिक प्रतिकृती करणे हा त्याच्या व्यक्तित्वाच्या हक्कावर आघात आहे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने अंतरिम मनाई हुकूम दिले. या हक्काचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो न्यायालयांनी निकालांतूनच घडविला आहे.

कायदा खरोखर मुका आहे तो यंत्राच्या शिक्षणाविषयी. लक्षावधी लेख आणि ग्रंथ यंत्राला चारले जातात, तेव्हा त्यांची प्रत होतेच. ती हक्कभंग ठरते की नाही? कलम ५२ मध्ये संशोधनासह खाजगी उपयोगाची सवलत आहे, आणि तांत्रिक प्रक्रियेत आनुषंगिकपणे होणाऱ्या क्षणिक साठवणुकीचीही आहे. परंतु व्यापारासाठी केलेले हे प्रचंड पठण त्या सवलतींत बसते असे म्हणणे जितके कठीण, तितकेच ते निखालस बसत नाही असे ठामपणे सांगणेही कठीण. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा न्यायालयाने जे मुद्दे काढले त्यांत हाच मुद्दा अग्रभागी होता. आणि यंत्रे अमेरिकेत असताना दिल्लीच्या न्यायालयाला अधिकार पोचतो काय, हाही त्यांत होता.

न्यायालयाबाहेर केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक मसुदा लोकांच्या विचारार्थ प्रसिद्ध केला. त्यातील सूचना अशी की, वैध मार्गाने उपलब्ध झालेले सर्व साहित्य यंत्राच्या शिक्षणासाठी वापरण्याचा सरसकट परवाना कंपन्यांना असावा, आणि त्याबदली ठरलेला मोबदला एका मध्यवर्ती संस्थेमार्फत हक्कदारांना वाटला जावा. मोठ्या प्रकाशनगृहांना हे सोयीचे वाटेल, आणि स्वतः कंपन्यांशी करार करण्याची ऐपत नसलेल्या दिवाळी अंकाच्या संपादकालाही कदाचित चार पैसे मिळतील. परंतु मोबदला नको, आपले लेखन यंत्राला चारले जाऊ नये एवढेच हवे, असे म्हणणाऱ्या लेखकाला नकार देण्याची सोय या मसुद्यात ठेवलेली नाही.