ऑफ-रोड इलेक्ट्रिक बाईक : ताकद किती, आणि किती वेळ?

मोटारसायकल म्हटली की आधी आठवतो तिचा आवाज. पण आता चिखल, वाळू आणि डोंगरउतारावर धावणाऱ्या अशा बाईक आल्या आहेत, की त्यांना सायलेन्सर नाही, क्लच नाही आणि गिअरही बदलावे लागत नाहीत. त्या चालतात कशा आणि सैनिकाच्या कामाच्या आहेत का, ते पाहू.

उदाहरणासाठी ‘स्टार्क वार्ग’ घेऊ. बार्सिलोनाजवळच्या स्टार्क फ्यूचर कंपनीने ही बाईक डिसेंबर २०२१ मध्ये जगासमोर आणली. २०२२ मध्ये आपल्या रॉयल एनफिल्डने या कंपनीत ५ कोटी युरो गुंतवले. वार्गची कमाल ताकद ८० अश्वशक्ती आहे. शर्यतीच्या ४५० सीसी पेट्रोल बाईकची ताकद साधारण ५५ ते ६० असते.

पेट्रोल इंजिनाचे आरपीएम वाढल्याशिवाय त्याला पूर्ण जोर येत नाही, म्हणून गिअरबॉक्स लागतो. विद्युत मोटर मात्र जवळजवळ शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते. त्यामुळे एकच गिअर पुरतो आणि चढावर मध्येच थांबावे लागले तरी इंजिन बंद पडण्याची भीती नसते. पण एवढा जोर एकदम मिळाला तर मागचे चाक जागच्या जागी फिरून नुसती माती उडवेल. म्हणून मोटरला किती करंट द्यायचा हे कंट्रोलर ठरवतो. वार्गची ताकद मोबाईलवरून कमी-जास्त करता येते. त्यामुळे नवशिक्या आणि शर्यतपटू दोघांना तीच बाईक चालते.

जाहिरातीतले आकडे वाचताना मात्र सावध राहावे. वार्गचा टॉर्क ९३८ न्यूटन-मीटर सांगितला जातो, पण तो मागच्या चाकावरचा, म्हणजे गिअर आणि चेनमुळे वाढलेला आहे. पेट्रोल बाईकचा आकडा इंजिनावरचा असतो. या दोन आकड्यांची तुलना करणे चूक आहे.

खरा प्रश्न ऊर्जेचा आहे. किलोवॅट म्हणजे शक्ती आणि किलोवॅट-तास म्हणजे साठवलेली ऊर्जा, हे आपण भौतिकशास्त्रात शिकतोच. वार्गच्या मूळ मॉडेलची बॅटरी ६ किलोवॅट-तासांची आहे. ८० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६० किलोवॅट. ६ भागिले ६० म्हणजे ०.१ तास, फक्त ६ मिनिटे! अर्थात कोणीही सतत पूर्ण थ्रॉटल देत नाही. सरासरी १० किलोवॅट लागले, तर बाईक ३६ मिनिटे चालेल.

आता पेट्रोल पाहू. ७ लिटर पेट्रोलचे वजन ५ किलोच्या आसपास, पण त्यात ६० किलोवॅट-तासांहून जास्त ऊर्जा असते. इंजिनाने त्यातली तीन चतुर्थांश उष्णतेत घालवली, तरी सुमारे १५ उरते. म्हणून डिझाइन करणाऱ्यांची सगळी लढाई वजनाशी आहे. बॅटरी हा सर्वांत जड भाग असल्याने ती बाईकच्या मध्यभागी बसवतात. वार्गच्या बॅटरीचे कवच हलक्या मॅग्नेशियमचे असून त्यावरून जाणारा वारा बॅटरी थंड ठेवतो.

लष्कराला यात रस का? पहिले कारण शांतता. अमेरिकेच्या ‘डार्पा’ संस्थेने ‘सायलेंटहॉक’ ही हायब्रिड बाईक तयार करून घेतली. शांतपणे चालताना तिचा आवाज सुमारे ५५ डेसिबल, म्हणजे साध्या बोलण्याइतका होता. दुसरे कारण उंची. सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये हवा जवळपास एक तृतीयांशाने विरळ असते, त्यामुळे पेट्रोल इंजिन दमते. मोटरला ऑक्सिजन लागतच नाही. पण तिथलीच थंडी बॅटरीची शत्रू आहे. थंडीत ती कमी ऊर्जा देते आणि शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम-आयन सेल खराब होऊ शकतात. शिवाय पेट्रोलचा कॅन पाठीवर नेता येतो, चार्जिंगची सोय नेता येत नाही.

म्हणून माझे मत असे, की टेहळणीसारख्या छोट्या, गुपचूप कामाला ही बाईक उत्तम आहे. लांबच्या गस्तीला अजून नाही.

शेवटी मित्रांसाठी आणि पालकांसाठी एक गोष्ट. काही इलेक्ट्रिक डर्ट बाईक सायकलसारख्या दिसतात. पण भारतात नोंदणीची सूट फक्त २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या वाहनांना आहे. काही हजार वॅटची बाईक ही मोटारसायकलच. ती बंदिस्त ट्रॅकवर, हेल्मेट घालून आणि जाणकार शिक्षकासमोरच चालवावी. तिचा आवाज येत नाही, म्हणून तिची ताकद कमी समजू नये.