विसाव्या मजल्यावर नेट का रखडतं?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर नेटवर्कच्या दांड्या पूर्ण असतात, तरी व्हिडिओ अडकतो. दांड्या सिग्नलचा जोर सांगतात, तो किती स्वच्छ आहे हे सांगत नाहीत. उंचावर आड काही नसल्याने फोनला एकाच वेळी अनेक टॉवर ऐकू येतात.

टूजीत शेजारच्या टॉवरना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वाटून देत. स्पेक्ट्रम महाग, म्हणून फोरजीत सगळे टॉवर सहसा तीच फ्रिक्वेन्सी वापरतात. दोन टॉवरच्या हद्दीवरचा फोन मग भजनी मंडळांच्या दोन लाउडस्पीकरमध्ये सापडल्यासारखा होतो.

यावरचा मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे टॉवरनी एकमेकांशी बोलणं. २०१२च्या सुमारास तो फोरजीच्या जागतिक मानकांत आला. एक टॉवर डेटा पाठवत असताना शेजारी क्षणभर गप्प बसतो, किंवा आपला झोत दुसरीकडे वळवतो. त्याहून धाडसी प्रकारात दोघे मिळून तोच डेटा पाठवतात. लहरी जुळल्या की व्यत्यय आणणारा शेजारीच मदतनीस होतो.

पण जुळवणं फार नाजूक. फाइव्हजीच्या ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. दिवा स्थानकाहून ताशी ८० किलोमीटर वेगाने सुटलेली जलद लोकल तेवढं अंतर ४ मिलिसेकंदांत कापते. फोनने कळवलेली सिग्नलची स्थिती टॉवरांपर्यंत पोहोचून हिशेब होईतो शिळी झालेली असते. म्हणून धावत्या गाडीत एकत्र प्रक्षेपणापेक्षा शेजाऱ्याला गप्प बसवणंच जास्त भरवशाचं.