उधारीचा वाद आणि पोलीस तक्रार : घाबरू नका, कागद सांभाळा

सूत उधारीवर उचललेले असते. मंदीत कापड उठत नाही, पैसे थकतात, व्यापाऱ्याशी बोलाचाली होते आणि एके दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणे येते. भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागधारकांना किंवा फर्निचर आणि चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांना हा प्रकार नवा नाही. अशा वेळी आपला माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर घर सोडून नातेवाइकांकडे जाऊन बसतो, नाहीतर कोणा ओळखीच्याला मध्ये घालून समोरचा म्हणेल तो आकडा ठाण्यातच लिहून देतो. पळणारा गुन्हेगार दिसतो आणि भीतीपोटी लिहून दिलेला कागद पुढे आपल्याच विरुद्ध उभा राहतो. कायद्याने काय करता येते, ते आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

उधारी वेगळी, अमानत वेगळी

पैसे थकले म्हणजे फसवणूक झाली असे नव्हे. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच बुडवण्याचा इरादा असावा लागतो. ज्याने आधी काही हप्ते दिले, माल परत घ्या म्हटले, मुदत मागितली, त्याच्यावर असा इरादा सिद्ध करणे अवघड असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ही गोष्ट स्पष्ट केली. घोड्यांसाठी दिलेल्या दाणावैरणीचे नऊ लाखांहून अधिक रुपये थकले, अशी तक्रार होती. माल विकला की त्याची मालकी घेणाऱ्याकडे जाते, मग विश्वासाने सोपवलेली वस्तू हडप केली असे कसे म्हणता येईल, असे सांगून कोर्टाने ते प्रकरण रद्द केले. अशा पैशांसाठी दिवाणी दावा हा मार्ग आहे.

परंतु मजुरीवर विणणाऱ्या भावांनी येथे सावध राहावे. जॉबवर आलेले सूत व्यापाऱ्याच्याच मालकीचे असते. ते तुमच्याकडे अमानत आहे. मजुरी थकली म्हणून ते सूत विकून टाकले, तर विश्वासघाताचा गुन्हा लागू शकतो. तसेच चेक न वटल्याचा खटला ही निराळी बाब आहे. त्याची नोटीस आल्यावर पैसे भरण्यास १५ दिवस मिळतात. ती नोटीस घरात पडू देऊ नका.

आधी तक्रारीचा प्रकार ओळखा

ठाण्यात नुसता अर्ज आला असेल, तर बिले, चलने आणि खातेउतारा जोडून लेखी म्हणणे द्यावे आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद असेल, तर मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. एफ.आय.आर. झाला असेल, तर पहिले काम त्याची प्रत मिळवणे. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार, नाजूक गुन्हे वगळता, एफ.आय.आर. पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. व्यापारी वादात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते, असे याच कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात म्हटले आहे. आपल्या लेखी म्हणण्यात त्याचा उल्लेख जरूर करावा.

अटकेची भीती

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. जुने ४२० आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे आणि विश्वासघाताचे ४०६ आता ३१६ मध्ये आले आहे. उधारीच्या वादात लागणाऱ्या या कलमांत शिक्षा सात वर्षांपर्यंतच आहे. अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने बजावले. अटकेची गरज नसेल, तर पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटीस देतात. तिच्याप्रमाणे हजर राहणाऱ्याला लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असेही जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने सांगितले. तरी असा संदेश आला तर तो वकिलाला दाखवावा.

अटकेची धास्ती खरी असेल, तर सेशन्स कोर्टात किंवा हायकोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा.

गुन्हा रद्द करण्यासाठी हायकोर्ट

पूर्वी गुन्हा रद्द करण्याचे कलम ४८२ होते, ते आता ५२८ झाले आहे आणि नव्या कायद्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अर्ज लिहिताना घोटाळा होऊ देऊ नका. भजनलाल प्रकरणातील कसोटी आजही चालते. तक्रारीतील सर्व मजकूर जसाच्या तसा खरा मानला तरी गुन्हा बनत नसेल, किंवा तक्रार निव्वळ सूडबुद्धीने केलेली असेल, तर हायकोर्ट ती रद्द करू शकते. मात्र कोण खरे बोलतो याचा पुरावा तेथे तोलला जात नाही. चार्जशीट दाखल झाल्यावरही हा अर्ज चालतो, असा २०१८ चा निकाल आहे. मुंबई, नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) यांबरोबर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच सुरू झाल्याने दक्षिण महाराष्ट्रातील लोकांची मुंबईची खेप वाचली आहे.

समेट झाला तर व्यापारी स्वरूपाचा गुन्हा दोन्ही पक्षांच्या संमतीने हायकोर्ट रद्द करू शकते. समेट करायचा तर वकिलामार्फत, लिहून करावा.

हायकोर्टाने नकार दिला तरी सर्व संपले नाही. पुरेसा आधार नाही म्हणून खटल्यातून वगळावे, असा डिस्चार्जचा अर्ज खालच्या कोर्टात करता येतो. मॅजिस्ट्रेटपुढील पोलीस केसमध्ये कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत नव्या कायद्याने घातली आहे.

सुटल्यानंतर

वाजवी कारणाशिवाय आरोप केल्याचे दिसले, तर मॅजिस्ट्रेट भरपाई देववू शकतो. जाणूनबुजून खोटा आरोप करणे हा न्याय संहितेच्या कलम २४८ खाली गुन्हा आहे. बदनामी आणि नुकसानीबद्दल दिवाणी दावाही करता येतो, पण सुटकेपासून एका वर्षाच्या आत. एक मात्र ध्यानात ठेवा. आपण सुटलो म्हणजे समोरचा खोटा ठरलाच, असे कोर्ट मानत नाही. त्याने जाणून खोटे सांगितले, हे आपल्याला दाखवावे लागते.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा कोर्टातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. पात्र व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

या साऱ्या पायऱ्यांवर उपयोगी पडतो तो कागद. आपल्यात भावाभावांत, जमातीत तोंडी व्यवहार फार चालतो. लिहून मागणे म्हणजे अविश्वास, असे आपण समजतो. वास्तविक कुरआन शरीफच्या सूरह बकरामधील सर्वांत लांब आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा हुकूम आहे. आम्हाला वाटते, जो धंदेवाईक हा हुकूम पाळतो त्याच्यावर खोटी तक्रार झालीच तरी कोर्टात दाखवायला त्याच्या हाती काहीतरी असते. आजच आपल्या दुकानातील वही उघडा. जॉबचे सूत एका पानावर आणि विकत घेतलेले सूत दुसऱ्या पानावर लिहा.