हात मोकळे, मन गुंतलेले

यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेड आणि पुढे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग महागाव तालुक्यातून जातो. हा रस्ता रुंद झाला, त्यावरील वेग वाढला. परंतु त्याच्या कडेचे जीवन मात्र पूर्वीचेच राहिले आहे. फाट्यावरून अजूनही एखादी बैलबंडी अवचित वर येते, कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या भरलेल्या ट्रॉल्या रेंगाळत चालतात आणि शाळा सुटली की मुले रस्ता ओलांडतात. याच रस्त्याने शिक्षक, ग्रामसेवक आणि कारकून मंडळी दुचाकीवरून कामाच्या गावी जातात व सायंकाळी परततात. ‘अप-डाऊन’ हा शब्द आता त्यांच्या आयुष्याचाच भाग झाला आहे.

या प्रवासात अलीकडे एक नवा सोबती आला आहे. खिशातील फोन किणकिणतो. कार्यालयाच्या गटावर ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असा निरोप आलेला असतो. बोटांनी मजकूर लिहिणे धोक्याचे, हे आता सर्वांनाच पटले आहे. म्हणून सुशिक्षित माणूस एक शहाणपणाची वाटणारी तोड काढतो. कानात यंत्र घालून तो निरोप तोंडी सांगतो आणि फोन त्याची अक्षरे करतो. हात हँडलवर, डोळे रस्त्यावर. मग धोका कोठे राहिला?

ही समजूत कितपत खरी, याची परीक्षा अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४३ चालकांनी बंदिस्त मार्गावर प्रत्यक्ष वाहन चालविले. प्रत्येकाने एक फेरी फोनाविना केली, एक बोटांनी निरोप लिहीत आणि दोन फेऱ्या आवाजावरून अक्षरे उमटविणाऱ्या दोन वेगवेगळ्या योजना वापरून. मधूनच एक दिवा लागे. तो दिसताच चालकाने किती वेळात प्रतिसाद दिला, हे मोजले जाई.

निष्कर्ष डोळे उघडणारा होता. निरोप बोटांनी लिहिला काय किंवा तोंडी सांगितला काय, प्रतिसादाला लागणारा वेळ सुमारे दुप्पट झाला. समोरच्या रस्त्याकडे पाहण्याचा काळही दोन्ही प्रकारांत घटला. तोंडी निरोपाला तर हाताने लिहिण्यापेक्षा किंचित अधिकच वेळ लागला. तथापि सर्वांत चिंताजनक बाब निराळीच होती. चालकांना स्वतःला मात्र तोंडी निरोप देताना अधिक सुरक्षित वाटत होते. धोका तेवढाच आणि निर्धास्तपणा अधिक, असा हा सौदा आहे.

लक्षाचा हिशेब

असे का व्हावे? लक्ष ही मर्यादित वस्तू आहे. वाक्य जुळविणे, यंत्राने काय लिहिले ते ताडून पाहणे आणि चूक सुधारणे हे सारे मनाचे काम आहे. त्यात हाताचा वाटा थोडाच. आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. वऱ्हाडी बोलणारा माणूस ‘येऊन रायलो’ म्हणतो आणि यंत्र कित्येकदा भलताच शब्द उमटविते. मग तो पडद्याकडे नजर टाकतो, पुन्हा सांगतो, पुन्हा पाहतो.

यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली असे दाखवून दिले की, काही यंत्रणांच्या बाबतीत तोंडी आज्ञा संपल्यानंतरही मन पूर्णपणे रस्त्यावर येण्यास २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चालणारे वाहन तेवढ्या अवधीत ४५० मीटर अंतर तोडते. एवढ्या अंतरात एखादा फाटा, एखादी शाळा सहज मागे पडते.

शेजारी बसलेल्या माणसाशी आपण बोलतोच की, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु शेजाऱ्यालाही तोच रस्ता दिसत असतो. समोर गुरे आली की तो आपोआप गप्प होतो. फोनला रस्ता दिसत नाही.

कायदा आणि ‘तात्काळ’

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने वाहन चालविताना हाती धरलेल्या संपर्कयंत्राचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला आहे. ही तरतूद योग्यच आहे. परंतु ‘हाती धरलेले’ या शब्दांवरून पुष्कळांनी असा अर्थ काढला की, हातात न धरलेले ते निर्धोक. कायदा शिक्षेची सीमा आखतो, सुरक्षिततेची ग्वाही देत नाही. टोरोंटो येथील ६९९ चालकांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगत होता. फोनवर बोलताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होता आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनांनी त्यात काही विशेष लाभ झाल्याचे दिसले नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सर्वच काही फोनाचे बळी नव्हेत; पण इतके मृत्यू ज्या रस्त्यांवर होतात, तेथे लक्ष विभागण्याची चैन कोणालाच परवडणारी नाही.

अशी चाचणी आपल्याकडे करणेही फारसे अवघड नाही. एखादे बंदिस्त मैदान, एक दिवा, वेळ मोजण्याचे साधन आणि मराठी बोलणारे चालक एवढ्यावर ती होऊ शकते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी असा प्रकल्प हाती घेतला, तर मुंबई-पुण्याबाहेरच्या बोलींचा आणि दुचाकीचाही विचार त्यात होईल.

परंतु त्या निष्कर्षाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. निरोप घेणाऱ्याइतकाच तो पाठविणाराही या प्रश्नात गुंतलेला आहे. कार्यालय सुटल्यावर लगेच, किंवा सकाळी कर्मचारी वाटेत असताना, ‘तात्काळ’ माहिती मागणाऱ्या वरिष्ठांनी त्या शब्दाची किंमत ओळखावी. घरच्यांनीही ‘कुठवर आलात?’ हा प्रश्न प्रवास संपेपर्यंत राखून ठेवावा. आणि अगदीच निकड असेल, तर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून निरोप द्यावा. त्यात दोन मिनिटे जातील. विद्यार्थ्यांची पटसंख्या दोन मिनिटे उशिरा पोहोचली तर शासनाचे काही अडत नाही. गुरुजीच पोहोचले नाहीत, तर त्या वर्गाचे आणि त्यांच्या घराचे पुष्कळ अडते.