पायाखालचे पायडल

सायकल घेताना आपण घंटा वाजवून पाहतो, सीट दाबून पाहतो, कॅरिअर मजबूत आहे ना हे विचारतो. पायडलाकडे मात्र कोणी बघत नाही. दुकानदाराने लावून दिले ते आपले. खरे म्हणजे सारा जोर जातो तो या तळहाताएवढ्या तुकड्यावरून. म्हणून आज साध्या, सपाट पायडलांविषयी बोलू. शर्यतीच्या सायकलला बूट अडकवण्याची सोय असते, तिचे आपल्याला काम नाही.

तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहत वाढली. पाळीवर जाणारा कामगार सायकलवर, आणि शेजारून टँकर, ट्रक. पावसाळ्यात ओल्या पायडलावरून पाऊल सटकले की हँडलला हिसका बसतो आणि सायकल भलत्याच बाजूला वळते. ती बाजू ट्रकची असली तर काय होईल ते सांगायला नको.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, पायात काय असते? रबरी चप्पल किंवा अनवाणी पाय असेल तर जुन्या पद्धतीचे रबरी ठोकळ्यांचे पायडलच बरे. ते पायाला टोचत नाही. पण त्यावरच्या खाचा झिजून रबर गुळगुळीत झाले, की पावसात ते साबणासारखे होते. ठोकळा हाताने पिळून पाहा. दांडीवर गरगर फिरत असेल तर तो बदलायलाच हवा.

कारखान्यातला जाड तळव्याचा बूट असेल तर पायडल रुंद हवे. अरुंद पायडलावर बूट डळमळतो. उठावदार दाणे असलेले नायलॉनचे रुंद पायडल इथे उत्तम. ते गंजतही नाही. सातपाटी, चिंचणीकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पायडलाची काय दशा होते, हे तिकडच्या मंडळींना ठाऊकच आहे.

मनोरच्या वाटेवर वाघोबा खिंडीसारखा चढ असला किंवा कॅरिअरवर गवताचा भारा असला, म्हणजे माणूस उभा राहून पायडल मारतो. सगळे वजन एका पायावर येते. अशा वेळी हलके, स्वस्त प्लास्टिकचे पायडल दगा देते. आतली दांडी पोलादी आणि जाड असावी. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आडरानात, दगडधोंड्यांतून गिअरच्या सायकली पळवणाऱ्या तरुणांना खिळ्यांचे पायडल आवडते. चार-पाच मिलिमीटर वर आलेले हे खिळे बुटाचा तळवा घट्ट धरतात. पण पाऊल सटकले तर तेच खिळे नडगी फाडतात. शाळेच्या मुलांच्या, चपला घालणाऱ्यांच्या सायकलला ते लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बसवण्याची गोष्ट. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात! दांडीच्या टोकाला ‘एल’ किंवा ‘आर’ कोरलेले असते, ते पाहूनच बसवा. आटे दोन्ही हातांनी हळू लावावे, मग पाना वर धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पायडले आवळली जातात. जबरदस्ती केली तर क्रँकचे आटे मरतात आणि खर्च वाढतो. आट्यांची जाडी सगळीकडे सारखी नसते, बहुतेक मोठ्या सायकलींना नऊ सोळांश इंच, काही लहान मुलांच्या सायकलींना अर्धा इंच. दुकानात जाताना जुने पायडल पिशवीत घालून न्यावे, हे सर्वांत सोपे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. उलट्या आट्यांचे कारण विज्ञानाच्या तासाला विचारण्याजोगे आहे, मुले सायकलजवळ जाऊन शोधतील. तेव्हाच प्रत्येक पायडलाच्या पुढे-मागे चकाकणारी पिवळी पट्टी शाबूत आहे का, तेही बघून घ्या. संध्याकाळी गाडीच्या दिव्यात ती वर-खाली हलताना दिसते, आणि समोर सायकल आहे हे ड्रायव्हरला लांबून कळते.